सहा इंची काच

२०२५ च्या सप्टेंबरअखेरीस आमचे वडील, म्हणजे अण्णा, नव्वद दिवसांसाठी आमच्याकडे एदोगावाला आले. जपानातल्या वाचकांना एदोगावा सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, की तोक्योच्या पूर्व टोकाचा हा विभाग, आणि त्यातलं निशी-कासाई म्हणजे इथल्या भारतीयांचं माहेरघर. २००० सालच्या आसपास संगणकवाली मंडळी इथे येऊन स्थिरावली आणि त्यांच्यामागून तूरडाळ, शाळा आणि गणपतीबाप्पा असे सगळेच आले. आम्हीही त्यातलेच, थोडे उशिरा आलेले.

अण्णांच्या बॅगेत अपेक्षेप्रमाणे भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला निघाला. तळाशी मात्र जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी गोल आणि जड होतं. विमानतळावर कस्टमच्या माणसानं ते सोडायला लावलं म्हणे. आत निघाली सहा इंच व्यासाची, इंचभर जाडीची, दुधी रंगाची काच. अण्णा त्याला इंग्रजीत म्हणाले, "टेलिस्कोप." त्यानं काच उजेडात धरली. आरपार काहीच दिसेना. पुन्हा एकदा अण्णांकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी, देवाचा टाक द्यावा तशी ती परत दिली.

आम्ही मात्र काच पाहून जागच्या जागी उभेच राहिलो. "अण्णा, ही अजून आहे?"

"ट्रंकेत होती. जोडीची तुझ्या आईनं लोणच्याच्या बरणीत दडपण म्हणून घातली, ती फुटली. ही मी राखली."

आता या काचेची कथा सांगायला एकोणतीस वर्षं मागं जावं लागेल.

मार्च १९९६. आमची दहावीची परीक्षा आणि ह्याकुताकेचा धूमकेतू एकदमच आले. जानेवारीअखेर जपानमधल्या कागोशिमा भागातल्या युजी ह्याकुताके या हौशी निरीक्षकानं भल्या मोठ्या द्विनेत्रीतून तो शोधला आणि मार्चमध्ये तो आमच्या पुण्यातल्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. जपानशी आमचा पहिला संबंध आला तो असा. परीक्षा संपल्यावर सुट्टीत आम्ही दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळेत नाव घातलं आणि दोन गोल काचा व कार्बोरंडमच्या पुड्या घेऊन घरी आलो.

आरसा घासणं हा प्रकार ज्यांनी केला नाही त्यांना खोटा वाटेल. एक काच पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर ओली पूड पसरायची आणि दुसरी काच वर ठेवून मागंपुढं घासायची. घासताना स्वतः पिंपाभोवती प्रदक्षिणा घालायच्या. वरची काच पुढं सरकली, की तिचा मधला भाग खालच्या काचेच्या कडेवर जास्त घासला जातो. त्यामुळे वरची हळूहळू खोलगट होते आणि खालची फुगीर. यंत्र नाही, मोटर नाही. आम्हाला मधोमध खोली हवी होती जेमतेम सव्वा मिलिमीटर.

अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. ते हसले. "सव्वा मिली? लेथवर एक पास मारला की झालं!" मग आम्ही त्यांना सांगितलं, की खोली सोपी, पृष्ठभाग अवघड. प्रकाशाच्या लहरीची लांबी अर्धा मायक्रॉन, आणि आरशावरचा उंचसखलपणा त्याच्याही सात-आठ भागांतल्या एका भागात बसवायचा. अण्णांचं आयुष्य मिलिमीटरच्या शंभराव्या भागात गेलेलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. "म्हणजे आमच्या शंभराव्याचे आणखी शंभर तुकडे. आणि ते हातानं?" त्या दिवसापासून कामावरून आले, की चहाआधी ते पिंपाभोवती दहा फेऱ्या मारू लागले.

हबल दुर्बिणीची गोष्ट त्यांनी वर्तमानपत्रात वाचली होती. १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि कळलं, की तिचा २.४ मीटरचा आरसा कडेला सुमारे दोन मायक्रॉन जास्त सपाट झाला आहे, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाइतका. चित्रं धूसर. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन तिला जणू चष्मा लावला. "एवढ्या मोठ्या लोकांचं चुकतं," अण्णा म्हणायचे, "तर आपण सावकाश घासू."

अण्णांना एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे शनी. आमची आई दर शनिवारी न चुकता मारुतीला तेल घालायची. घरात कुणाची ना कुणाची साडेसाती चालू असायचीच. अण्णांचं म्हणणं, "ज्याला इतकी वर्षं तेल पुरवलं, त्याचं तोंड तरी एकदा बघू दे." आम्ही शब्द दिला, की दुर्बीण झाली की पहिला शनी तुम्हाला.

पुढं १९९७ च्या वसंतात हेल-बॉप आला आणि गेला, आमची बारावी तोंडावर आली आणि काच माळ्यावर गेली. मग इंजिनिअरिंग, अमेरिकेत एम.एस., नोकरी, लग्न, जपान. फोनवर अधूनमधून विषय निघे. "तेवढा शनी राहिला रे," अण्णा म्हणत, आणि आम्ही विषय हवापाण्यावर नेत असू. चार वर्षांपूर्वी आई गेली. तेल घालणारं माणूस गेलं आणि शनी मात्र बघायचा राहिलाच.

तर ती काच आता आमच्या निशी-कासाईच्या जेवणाच्या टेबलावर होती. आमची कन्या, वय वर्षं बारा, जपानी शाळेत जाते. मराठी समजते सगळी, बोलते निम्मी. तिनं काच डोळ्याला लावली. "आजोबा, यातून काही दिसत नाही."

"यातून नाही बघायचं बाळा, याच्यात बघायचं."

दुर्बिणीचे दोन मुख्य प्रकार अण्णांनी एका वाक्यात सांगून टाकले. भिंगाच्या दुर्बिणीत काचेतून बघतात आणि आरशाच्या दुर्बिणीत काचेवर पडलेलं बघतात. बाकी चारशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोघांच्या दोषांची निस्तरानिस्तर आहे.

आमच्याकडे दुर्बीण नव्हती असं नाही. कन्येच्या आठव्या वाढदिवसाला आम्ही एका दुकानातून खोक्यावर "५२५ पट" छापलेली एक आणली होती. इंजिनिअर असून फसलो, हे सौ. अजून पाहुण्यांना सांगते. तिचं भिंग साठ मिलिमीटरचं आणि तिपाई काडेपेटीच्या काड्यांची असावी तशी. चंद्र आत आला की भूकंपात सापडल्यासारखा नाचे. खरं तर दुर्बिणीचं पहिलं काम मोठं करून दाखवणं हे नव्हेच. तिचं पहिलं काम प्रकाश गोळा करणं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. साठ मिलिमीटरचं भिंग त्याच्या सत्तरएक पट प्रकाश गोळा करतं. पण त्यातून प्रतिमा सव्वाशे पटींच्या पुढं ताणली, की मोठी होते ती फक्त धूसरता. पाव किलो कणकेच्या पन्नास पोळ्या लाटण्यासारखंच ते.

ऑक्टोबरात एका रविवारी आम्ही सगळे मिताकाला गेलो. तोझाई लाइनवर मिताकाची थेट गाडी निशी-कासाईलाच मिळते. बसल्या जागी तोक्यो पूर्वेकडून पश्चिमेकडे पार होतं, पुढं बस. मिताकाला जपानच्या राष्ट्रीय वेधशाळेचं आवार आहे, लोकांना फुकट बघता येतं. तिथं १९२९ मध्ये बसवलेली त्साइसची ६५ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण आहे. नळी सुमारे दहा मीटर लांब. वरचा घुमट लाकडी. अर्धगोल बांधायचा कसा हा प्रश्न पडला तेव्हा जहाजाचा तळ बांधणाऱ्या कारागिरांची मदत घेतली. दुर्बीण वर-खाली कलली, की डोळा लावायची जागाही वर-खाली जाते, म्हणून खालची अख्खी जमीनच लिफ्टसारखी हलायची. अण्णांनी दुर्बिणीपेक्षा त्या जमिनीकडेच जास्त वेळ पाहिलं.

परतीच्या गाडीत कन्येनं विचारलं, एवढी लांब कशाला? मग आम्ही सुरुवातीपासून सांगितलं.

१६०८ मध्ये हॉलंडमधल्या हान्स लिपरशे या चष्मेवाल्यानं दुर्बिणीसाठी पेटंट मागितलं. पुढच्याच वर्षी गॅलिलिओनं स्वतः भिंगं घासून ती आकाशाकडे वळवली. आणि १६१३ मध्ये, म्हणजे पाचच वर्षांत, एका इंग्रज कप्तानानं जपानात तोकुगावा इएयासुला दुर्बीण नजर केली. वस्तू किती भरभर फिरतात पाहा! गॅलिलिओच्या दुर्बिणीत एक फुगीर आणि एक खोलगट भिंग होतं, दृश्य इवलंसं. १६११ मध्ये केप्लरनं दोन्ही भिंगं फुगीर सुचवली. दृश्य मोठं झालं, पण उलटं. आकाशाला वर-खाली कुठं असतं, म्हणून चालून गेलं.

खरी अडचण रंगांची होती. भिंग म्हणजे कडेला लोलकच. तांबडा प्रकाश एका जागी एकवटतो, निळा दुसऱ्या. प्रत्येक ताऱ्याला रंगीत झालर. उपाय काय, तर भिंग कमी फुगीर करा आणि नळी लांब करा. हेवेलियसची दुर्बीण तर ४५ मीटर लांब होती, खांबाला दोऱ्यांनी टांगलेली. वाऱ्याची झुळूक आली की ग्रह गेला. शेवटी अठराव्या शतकात दोन वेगळ्या जातींच्या काचा एकत्र जोडण्याची युक्ती निघाली. १७५८ मध्ये लंडनच्या डॉलंडनं तिचं पेटंट घेतलं. दोन्ही काचांचे दोष उलट दिशांचे, त्यामुळे एकत्र नांदल्या की एकमेकींचे दोष झाकतात. यावर सौ. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कळलं, कळलं."

त्यानंतर भिंगं वाढत गेली. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेत ४० इंची भिंग बसलं आणि गाडी तिथंच थांबली. भिंगाला धरायचं फक्त कडेनं, कारण मधून प्रकाश जायचा असतो. त्याहून मोठं भिंग स्वतःच्या वजनानंच वाकतं.

आरशाला मात्र पाठ असते. हवा तेवढा आधार मागून देता येतो, आणि परावर्तनात रंगांची झालरही नाही. म्हणून १६६८ मध्ये न्यूटननं आरशाची पहिली दुर्बीण बनवली, आरसा सव्वा इंचाच्या आसपास. पण आरसे तेव्हा धातूचे असत, तांबं आणि कथिल यांचे. ते काळवंडले की पुन्हा घासायचे, आणि घासताना आकार बिघडायचा.

इथं आम्ही अण्णांना कुनितोमो इक्कान्साइ याची गोष्ट सांगितली, आणि ती त्यांना इतकी भावली की पुढं दोन महिने ते येईल त्याला सांगत होते. बिवा सरोवराजवळ कुनितोमो नावाचं बंदुका बनवणाऱ्यांचं गाव. इक्कान्साइ तिथला बंदूक-कारागीर. एदोला गेला असताना त्यानं परदेशी आरशाची दुर्बीण पाहिली आणि मनात ठेवली. १८३३ च्या सुमारास त्यानं स्वतः तशी बनवली. तिच्यातून चंद्र, गुरू आणि शनी पाहिले, १८३५ पासून वर्षभराहून अधिक काळ सूर्यावरच्या डागांची चित्रं काढली. त्याच्या आरशांत कथिलाचं प्रमाण असं काही साधलं होतं, की जवळपास दोनशे वर्षांनीही ते फारसे काळवंडलेले नाहीत. "बंदुकीची नळी आतून घासणारा हात तो," अण्णा म्हणाले. "त्याला आरसा जमणारच."

तिकडे इंग्लंडात विल्यम हर्षेल हा व्यवसायानं संगीतकार. तोही आरसे घासायचा. तासन्‌तास हात काढता येत नसे, तेव्हा बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची. १७८१ मध्ये त्याला युरेनस सापडला तो सहा इंचांहून किंचित मोठ्या आरशातून. म्हणजे आमच्या काचेच्याच मापाचा! हे ऐकल्यावर कन्येनं काच ठेवलेल्या कपाटावर मांजराचं चित्र असलेली चिठ्ठी लावली, "हात लावू नये".

धातूचं दुखणं १८५० च्या दशकात संपलं. काचेवर चांदीचा पातळ थर चढवता येऊ लागला. थर खराब झाला तर पुसून नवा द्या, काचेचा आकार तसाच. आपल्या पुण्यातही एकोणिसाव्या शतकात २० इंची आरशाची दुर्बीण होती, हे आम्हाला पुण्यात इंजिनिअरिंग करूनही ठाऊक नव्हतं. कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींच्या देणगीतून वेधशाळा उभारली. १८९८ च्या जानेवारीतलं खग्रास सूर्यग्रहण त्यांनी जेऊरला जाऊन टिपलं. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. "एक माणूस उठला की काम बसतं," एवढंच अण्णा म्हणाले.

आजचे आरसे काय सांगावे! मिताकाच्याच वेधशाळेची सुबारू दुर्बीण हवाई बेटावर सुमारे ४,१०० मीटर उंचीवर आहे. सुबारू म्हणजे आपल्या कृत्तिका. १९९९ मध्ये सुरू झाली. आरसा एकसंध, ८.२ मीटरचा, पण जाडी फक्त २० सेंटिमीटर. तो वाकणारच हे गृहीत धरून मागं २६१ यांत्रिक बोटं लावली आहेत, ती संगणकाच्या हुकमानं त्याला सतत आकारात ठेवतात. दुसरी वाट म्हणजे आरसा तुकड्यांचा करायचा. २०२१ च्या नाताळात अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीत असे अठरा षटकोनी तुकडे आहेत.

आणि एक प्रकार तर आमच्या गावाकडच्या रस्त्यावरच उभा आहे. नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण, डॉ. गोविंद स्वरूप यांची. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरांत पसरलेल्या. इकडे नागानो भागातल्या नोबेयामाला १९८२ पासून एक तबकडी आहे, तीही ४५ मीटरचीच. पण ती मिलिमीटर लांबीच्या लहरी पकडते, म्हणून तिचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका काटेकोर. खोडदला लहरी वीतभर ते दोन मीटर लांबीच्या. त्यांना जाळीसुद्धा आरशासारखीच. म्हणून स्वरूप यांनी तारेच्या दोरांवर ताणलेली बारीक जाळी वापरली. वजन कमी, वारा आरपार, खर्च आटोक्यात. जेवढी लहर तेवढाच नीटसपणा. अण्णांनी सगळं ऐकून निकाल दिला : "दोघंही शहाणे. ज्याचं काम त्याच्या मापानं."

आता मूळ गोष्टीकडे. आम्ही एक जुनी पण धड अशी १३ सेंटिमीटर आरशाची दुर्बीण घेतली आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी (मुहूर्त सौ.नं काढला) आराकावा नदीच्या बांधावर गेलो. तोक्योच्या उजेडात तारे मोजून दहा-बारा दिसतात, पण ग्रहांना त्याचं काही नाही. अण्णांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, डाव्याचा काढायचा आहे. म्हणजे एक भिंग त्यांच्या डोळ्यातच बसवलेलं. आम्ही शनी आणला, पाहिला, आणि पोटात गोळा आला. कडं नव्हतंच! इंजिनिअर असून आम्ही आधी तपासलं नव्हतं. २३ मार्च २०२५ ला शनीची कडी पृथ्वीवरून अगदी कडेनं दिसण्याच्या स्थितीत आली होती, आणि नोव्हेंबरात पुन्हा तशीच मिटत आली होती. लाखो किलोमीटर रुंद कडी, पण जाडी काही मीटरांची. कडेनं पाहिली की उरते फक्त रेघ.

अण्णांनी डोळा लावला. बराच वेळ हलले नाहीत. मग म्हणाले, "लिंबात सुई खुपसल्यासारखं दिसतंय."

आम्ही माफी मागू लागलो. नशिबानं गॅलिलिओ मदतीला आला. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले आणि १६१२ मध्ये ते नाहीसे झाले. तोही असाच चक्रावला होता. अधिक चांगल्या दुर्बिणीतून बघून हायगेन्सनं १६५९ मध्ये कड्याचा उलगडा छापला. "आणि अण्णा, १९९५-९६ मध्येही कडी अशीच मिटली होती. शनीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची. आपण आरसा तेव्हा वेळेवर पुरा केला असता तरी कडं बारीकच दिसलं असतं."

"म्हणजे एक पुरी फेरी झाली," अण्णा म्हणाले. "तेव्हाही मीनेतच होता. तुझ्या आईला पाठ असायचं."

कन्या दुर्बिणीला डोळा लावून बाजूचा टायटनचा ठिपका शोधत होती. अण्णा थर्मासमधला चहा पीत हळूच म्हणाले, "ती काच माळ्यावर तू नाही टाकलीस. मी ठेवली. तू रात्र रात्र घासत बसायचास, बारावी तोंडावर. तू कॉलेजला गेलास तेव्हा उचलली. तू विचारलं नाहीस, मी बोललो नाही. शनी राहिला म्हणायचो ना फोनवर, ते तुला टोचायला नव्हे रे. मलाच टोचत होतं."

इतकी वर्षं आम्ही समजत होतो की काच आम्हीच सोडून दिली. आम्हाला काही सुचेना. आम्ही म्हणालो, "चहा गार होतोय." असो.

अण्णा डिसेंबरात परत गेले. काच इथंच आहे. जोडीची फुटली म्हणून प्लास्टरची तबकडी ओतून तिच्यावर टाइलचे तुकडे बसवले आणि तिच्यावर आता काच घासतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खाली जुनं फुतोन आणि वेळ रविवारी चार ते पाच. कन्या प्रदक्षिणा घालताना फेऱ्या मराठीत मोजते, एकोणतीसपाशी मात्र हमखास अडते. मग राळेवर पॉलिश, मग ॲल्युमिनियमचा थर. घाई नाही. शनीची कडी पूर्ण उघडी दिसतील २०३२ च्या सुमारास. अण्णा तेव्हा पंच्याऐंशीचे असतील.

हे आम्ही परवा त्यांना फोनवर सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "व्हिसा नव्वद दिवसांचाच मिळतो. या वेळी तारीख नीट बघून सांग."